आडाच्या पाण्यातली रेघ

"लेकराला पाणी उकळून द्या," असं कुणी म्हणालं की मी अजूनही मधे तोंड घालतो. "उकळून म्हणजे किती? आटवायचं नाही बरं का! एक उकळी आली की झालं." डॉक्टर वैतागतात. माझी मुलगी तर एकदा दवाखान्यातच म्हणाली, "बाबा, तुमचं आयुष्य रेघा मोजण्यात गेलं, तुम्हाला हो काय करायचंय?" काय करायचंय ते आज सांगूनच टाकतो. ऐकल्यावर कुणी मला शहाणा म्हणणार नाही, पण ती हौस माझी केव्हाच फिटली आहे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. निजामी अंमल होता आणि मी हैदराबादला विद्यापीठात पदार्थविज्ञानाचं संशोधन करत होतो. वाटूरजवळच्या एका कुणब्याच्या घरातला मी. चौथीपर्यंत मराठी, पुढे जालन्याला उर्दू शाळा, आणि हैदराबादला तर सगळं विज्ञानच उर्दूतून. वर्णपटाला आम्ही 'तैफ' म्हणायचो आणि कंपनाला 'इर्तिआश'. सुट्टीत घरी हे शब्द तोंडातून निघाले की आई म्हणायची, "घसा बसला का रं तुझा? सुंठ देऊ का?"

माझा विषय होता नायट्रेट. आपल्याकडे ज्याला शोरा म्हणतात, त्यातला मुख्य ऐवज. मधे एक नायट्रोजन, भोवती तीन ऑक्सिजन, आणि सगळ्या कुटुंबावर मिळून एक ऋणभार. हे चौघं कधी स्वस्थ बसत नाहीत. तीनही ऑक्सिजन एकदम बाहेर सरकतात, एकदम आत येतात, आणि हे अखंड चालू असतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, मग ओळखायचं कसं? बाजारात बाया मडकं घेताना टिचकी मारून बघतात ना, आवाजावरून त्यांना कळतं मडकं कसलं आहे ते. आम्ही उजेडाची टिचकी मारायचो. पाऱ्याच्या दिव्याचा निळा प्रकाश नायट्रेट विरघळवलेल्या पाण्यावर सोडायचा. बहुतेक प्रकाश जसा गेला तसाच निघतो. पण त्यातला अगदी थोडा, अगदी नगण्य, त्या कंपनाला थोडी शक्ती देऊन बाहेर पडतो आणि त्याचा रंग जरासा सरकतो. तो सरकलेला रंग फोटोच्या काचेच्या प्लेटवर एका बारीक रेघेसारखा उमटतो.

ज्याची त्याची रेघ ठरलेली. गंधकाभोवती चार ऑक्सिजन असले की सल्फेट, त्याची रेघ अलीकडे. पापडखारातल्या कार्बोनेटची रेघ नायट्रेटच्या अगदी शेजारी, हातभर सुद्धा नाही, केसभर पलीकडे. चुकून एकीला दुसरी समजलात की गेलं सगळं काम पाण्यात. ही किमया आमच्याच देशात, कलकत्त्याला सापडलेली, म्हणून आम्हाला तिचा भारी अभिमान. एका रेघेसाठी सहा-सहा, आठ-आठ तास दिवा जळत ठेवायचा. लढाईमुळे प्लेटा मिळत नव्हत्या, तेव्हा एका प्लेटचे हिऱ्याच्या कलमाने चार तुकडे करायचे. पाण्यात धुळीचा एक कण राहिला तरी तोच चमकायचा आणि दिवस फुकट जायचा. तीन वर्षं मी त्या नायट्रेटबरोबर काढली. घरच्या माणसांपेक्षा त्याची ओळख मला जास्त होती, हे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

माझी आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला परतूर तालुक्यातच, आष्टीच्या अलीकडे दोन कोसांवरच्या एका खेड्यात दिलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, दाजी गरीब स्वभावाचे. तिला पहिली मुलगी झाली. बाळंतपणात आक्काला ताप आला, अंगावरचं दूध गेलं, आणि पोर वरच्या दुधावर वाढली. वाढली कसली, तीन महिन्यांत निळी पडत पडत गेली. वर्षाच्या आत दुसरं लेकरू झालं, मुलगा. पुन्हा ताप, पुन्हा तेच, पुन्हा वरचं दूध. आणि दोन महिन्यांचा होतो न होतो तोच त्याचे ओठ निळे दिसू लागले.

संक्रांतीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा ते पोरगं पहिल्यांदा पाहिलं. नखं निळी, ओठ जांभळे. रडायला लागलं की सगळं तोंड पाटीसारखं होऊन जायचं, म्हणून घरातलं कुणी त्याला रडू देत नव्हतं. जरा तोंड वाकडं झालं की तिघं-चौघं धावायची. आक्का त्याला मांडीवर घेऊन नुसती बसून असायची. माझ्याशी धड बोललीही नाही. शेजारच्या बाया दारातून बघून जायच्या आणि ओट्यावर उभं राहून, आम्हाला ऐकू जाईल असंच बोलायच्या, "तिच्या पोटातच काळं हाय माय, लेकरं निळी न पडतील तं काय!"

आक्काची सासू, आक्का तिला आत्याबाई म्हणायची आणि मी मावशी, तोंडाने फाटकी पण हाताने खंबीर बाई. तिने लेकराला गाडीत घालून जालन्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, कलेजा, म्हणजे हृदय, कमजोर आहे, जपा. "जपा म्हंजी काय करा?" मावशी मला विचारत होत्या. "तू एवढा शिकून राह्यलास, तुला कळत असंल की काही!" मला काहीएक कळत नव्हतं. मी नुसती मान डोलावली.

निघताना त्यांनी माझा फिरकीचा तांब्या आडाच्या पाण्याने काठोकाठ भरून दिला. "तुमच्या हैद्राबादच्या नळाला ही चव न्हाई. आमच्या आडाच्या पाण्याला गारवा हाय, बिलकुल बर्फावानी." गोष्ट खरी होती. तो आड पांढरीच्या पायथ्याशी होता. पांढर म्हणजे जुन्या उठून गेलेल्या गावाची उंच टेकडी, शेकडो वर्षांच्या राखेची, शेणाची, गोठ्यांची भुरकी माती. पूर्वी तिथं काही घरं शोरा काढायची. माती खरवडायची, मडक्यात भिजवायची, निथळलेलं पाणी मोठ्या कढईत आटवायचं, खाली पांढरे खडे उरायचे. लहानपणी मी आमच्या गावच्या पांढरीवरचा असा खडा जिभेवर ठेवला होता. गारेगार लागतो. हे सगळं मला ठाऊक होतं बरं का! ठाऊक असून मी तो तांब्या घेतला, "खरंच मावशी, काय चव आहे," म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

हैदराबादला पोचल्यावर माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. काहीतरी केलं पाहिजे! आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी पत्र लिहिलं. पाण्यात जंतू असतात, खेड्यातल्या लोकांना याची जाणीव नसते, वगैरे वगैरे दोन पानं. आणि शेवटी हुकूम सोडल्यासारखं: 'लेकराच्या दुधात घालायचं पाणी चांगलं कढवून द्यावं. यात बिलकुल हलगर्जी होऊ नये.' कढवून. आमच्या घरात दूध कढवतात, तूप कढवतात, पाण्यालाही तोच शब्द हाताशी आला. पत्र टाकलं आणि मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. घरात लिहिणारं कुणी नव्हतं, तेव्हा दाजींच्या वतीने गावातल्या मास्तरांच्या अक्षरात होतं. 'आपले लिहिण्याप्रमाणे पाणी कढवून देत आहोत. प्रथम निम्मे होईतो कढवीत होतो, आता चौथाई होईतो कढवितो. मातोश्री स्वतः चुलीपाशी बसतात, इतर कोणावर विश्वास टाकीत नाहीत. लेकरू मात्र फार सुस्त झाले आहे. दूध ओढीत नाही.' मी ते पत्र चार वेळा वाचलं असेल. दर वेळी माझी नजर 'सुस्त' या शब्दावर जाऊन थांबायची. त्याच्या आधीची ओळ मी वाचून सोडून देत होतो. डोळे असून आंधळा, दुसरं काय!

त्या आठवड्यात माझ्या दोन प्लेटा खराब झाल्या. आमचे प्रोफेसरसाहेब मोठे शांत गृहस्थ, कधी आवाज चढवायचे नाहीत. पण प्लेटा म्हणजे त्यांचा जीव. "मियाँ, ध्यान किधर है तुम्हारा?" मी सांगून टाकलं. संध्याकाळी ते मला चहाला घरी घेऊन गेले. त्यांच्या बेगम डॉक्टर होत्या, जनाना दवाखान्यात. त्यांनी माझी उलटतपासणीच सुरू केली.

"बच्चा माँ का दूध पीता है?"

"नाही, वरचं. गायीचं, निम्मं पाणी घालून."

"पहिली बच्ची भी ऊपर के दूध पे थी?"

"हो."

"गाँव के दूसरे बच्चे?"

"ते आईच्या अंगावर पितात. सगळे चांगले आहेत."

"पानी कहाँ का?"

"आडाचं. सगळं गाव तेच पितं."

त्यांनी किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, नुकतंच परदेशातल्या एका मासिकात वाचलंय. शेतावरच्या विहिरींचं पाणी, वरच्या दुधावरची लेकरं, आणि अशीच निळी पडलेली. मोठ्या माणसाला त्या पाण्याने काही होत नाही, पण तान्ह्याच्या पोटात ते बिघडतं आणि रक्ताला हवा वाहून नेता येत नाही. हृदय चांगलं असतं, रक्तच तपकिरी होतं. "पानी में नाइट्रेट होता है," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. "नायट्रेट? बाईसाहेब, नायट्रेट तर माझा विषय!"

"तो फिर आपको हमसे पहले सूझना चाहिए था," बेगमसाहेबा म्हणाल्या आणि शांतपणे चहा ओतू लागल्या.

मी लगेच उठायला लागलो, की पत्र टाकतो, आडाचं पाणी बंद करा म्हणून. त्यांनी बसवलं. आडाचं बंद करून देणार कुठलं? ओढ्याचं? आणि त्याने पटकी झाली तर? शिवाय खरंच कलेजाच कमजोर असेल तर घरातल्यांना उगाच आशा दाखवायची. आधी खात्री करून घ्या. पाणी आहे का तुमच्याकडे? होतं ना! फिरकीचा तांब्या खोलीच्या कोपऱ्यात तसाच पडला होता, वाटेत जेमतेम दोन घोट प्यायलेला.

आता रसायनवाल्या मंडळींनी हे काम पाच मिनिटांत केलं असतं. परीक्षानळीत दोन थेंब हे, दोन थेंब ते, तपकिरी कडं आलं की नायट्रेट आहे. शाळेतल्या पोरांचा प्रयोग. प्रोफेसरसाहेबांनी तसं सुचवलंही. पण रसायनवाल्यांनी मागच्या महिन्यात मला ऊर्ध्वपातित पाणी द्यायचं नाकारलं होतं आणि आमचं बोलणं बंद होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या दिव्याशिवाय मला कशावर भरवसाच नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

सकाळी आठ वाजता मी ते पाणी गाळून नळीत भरलं आणि दिवा लावला. चार वाजता अंधाऱ्या खोलीत प्लेट धुतली. काही नाही! दिव्याच्या स्वतःच्या रेघा तेवढ्या, नायट्रेटच्या जागी स्वच्छ काच. मला आनंद झाला. पाणी निर्दोष, माझी आक्का, मावशी, सगळं गाव निर्दोष. आणि तो आनंद दाराबाहेर पडेपर्यंतही टिकला नाही, कारण पाणी निर्दोष म्हणजे कलेजाच कमजोर, म्हणजे पोरगं जाणार. मी प्रोफेसरसाहेबांच्या टेबलावर प्लेट ठेवली आणि तिथंच उभा राहिलो.

त्यांनी ती खिडकीकडे धरली. "मियाँ, इतने पतले पानी में तुम्हारा लैंप क्या देखेगा? तीन साल में तुमने कभी इतना पतला घोल रक्खा था? सुखाओ इसको. पहले चौथाई करो. फिर उसकी चौथाई."

बराबर होतं. मी आपला तीन वर्षं दाट द्रावणं वापरत आलेलो, आणि गावच्या तांब्याभर पाण्याकडून तेवढ्याच रेघेची अपेक्षा करत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी चंचुपात्रात ओतून शेगडीवर चढवलं आणि समोर स्टूल टाकून बसलो. पाणी हळूहळू खाली उतरू लागलं. कडेला चुन्याची पांढरी रिंगणं धरत होती. निम्म्यावर आलं. मग चौथाईवर.

चौथाई.

प्रोफेसरसाहेब म्हणाले ते चौथाई नव्हे. मास्तरांच्या अक्षरातलं चौथाई. 'आता चौथाई होईतो कढवितो.' मी त्या पात्राकडे बघत राहिलो. वाफ होऊन पाणी जातं, शोरा जात नाही. पांढरीवर कढई लावणाऱ्या, एक अक्षर न शिकलेल्या बायांना जे कळत होतं, ते मला उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत येत असून कळलं नव्हतं! रेघ दिसावी म्हणून मी जे इथं करत होतो, तेच मी तिकडे माझ्या भाच्याच्या दुधासाठी करायला सांगितलं होतं. माझ्या लेखी हुकमाने ती म्हातारी रोज धुरात बसून लेकरासाठी शोरा कढवत होती. आणि जितकं लेकरू सुकत होतं तितकी ती जास्त मायेने जास्त कढवत होती.

मी धावत प्रोफेसरसाहेबांकडे गेलो आणि काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "गाड़ी कितने बजे है?" गाडी रात्रीची होती. "तो रेघ ले के जाओ," ते म्हणाले. आमच्यात राहून 'रेघ' शब्द त्यांच्याही तोंडात बसला होता. त्या दिवशी दिव्याचं यंत्र त्यांनी स्वतः लावलं. पाच वाजता प्लेट निघाली. सल्फेटची एक पुसट रेघ होती, तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. कार्बोनेटची जागा रिकामी. आणि तिच्या केसभर अलीकडे, जिथं मी तीन वर्षं बघत आलो होतो तिथंच, ठळक, सरळ, उभी. मला ती रेघ बघून दर वेळी आनंद व्हायचा. त्या दिवशी रडू आलं. पण रडतानाही मनात एक गोष्ट लख्ख होती, की कलेजा चांगला आहे. पोराचा कलेजा चांगला आहे!

परतूरला सकाळी उतरलो आणि एका कापसाच्या रिकाम्या गाडीत बसून आष्टीच्या रस्त्याने निघालो. गाडीवान बैलांना जल्दी हाकेना म्हणून त्याच्याशी भांडलो. शेवटचा अर्धा कोस उतरून पळतच गेलो. अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर पातेलं, आणि समोर डोळ्यांतून पाणी गाळत मावशी बसलेल्या. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. "ये बाबा, ये. तुझंच काम करून राह्यले बग. एवढी घागर चढवल्ती, वाटीभर उरलं."

मी फडक्याने पातेलं उचललं आणि अंगणात उपडं केलं.

"आरं मुडद्या!" मावशी ताडकन उठल्या. "पहाटपासून धूर खाऊन राह्यले म्या! डोस्कं फिरलं का तुझं?"

"मावशी, हे पाणी लेकराला देऊ नका. आडाचं पाणीच देऊ नका. त्याच्यामुळेच ते निळं पडतंय."

"सारं गाव पितंय ते पाणी! म्या चाळीस वर्षं पिले. म्या निळी झाले का?"

"मोठ्यांना काही होत नाही. तान्ह्याला होतं."

"मंग तूच लिव्हलंस न्हाई का कढवून द्या म्हून? मास्तरानं दोनदा वाचून दावलं. हलगर्जी करू नका म्हणलास!"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मावशी, कढवून ते जास्त वाईट झालं. त्या पाण्यात शोरा आहे. पांढरीतून उतरतो तो आडात."

मला वाटलं, आता यांना सगळं समजावून सांगावं लागणार, नायट्रेट, ऑक्सिजन, रक्त. मी झोळीतून प्लेट काढायला लागलो. पण प्लेटची गरजच पडली नाही. त्या खाली बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी शोरा शिजवून राह्यले व्हय म्या? रोजच्या रोज?" लहानपणी पांढरीवरच्या कढया त्यांनी बघितल्या होत्या. मला प्रयोगशाळेत स्टुलावर बसून कळायला दोन दिवस लागले ते त्यांना चुलीपुढे दोन वाक्यांत कळलं.

"तुमचा काही दोष नाही, माझ्या पत्राचा आहे," मी म्हणालो.

"दोष-बिष मागून बगू," त्या म्हणाल्या, पदर खोचला, घागर उचलली. ओढा कोसभर लांब. तिथल्या वाळूत माणसं झिरा उकरून पाणी भरायची, त्याच्या वरच्या अंगाला ना गाव ना गोठा. मी म्हणालो मी जातो, तर म्हणाल्या, "तू बस गप. तुझ्या हातचं पाणी नको मला आता." माझ्या मनाला लागलं, पण बोलायला मला तोंड कुठं होतं?

एक उकळी, बस. मी चुलीपाशी पहारा दिला. पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही. दाजी शेतावरून येऊन लेकराच्या पाळण्याशी उभे राहिले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी पोरगं अर्धी वाटी दूध प्यालं. तिसऱ्या दिवशी आक्काने मला हाक मारली आणि त्याची बोटं उजेडात धरली. "नखं बग रं. मला तसं वाटून राह्यलं का खरंच हाय?" मी बघितलं. खरंच होतं. नखांखाली गुलाबी रंग येत होता. आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. मी, पदार्थविज्ञानाचा संशोधक, मीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी ओसरीत ज्वारी निवडत होत्या. आक्का बाजूला लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मावशींचा हात एकदम थांबला.

"अन् पोरगी?"

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं.

"आधीची," त्या म्हणाल्या. "तिला बी ह्याच आडाचं पाणी व्हतं. तवा तं म्या कढवलं बी न्हवतं."

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, तिचं वेगळं असेल, कोण जाणे. मी आक्काकडे बघितलं. तिने मान वर केली होती. "हेच होतं, मावशी," मी म्हणालो. "कढवलं नव्हतं म्हणून ती तीन महिने तरी राहिली. पण पाणी हेच."

मावशी उठल्या. सूप तिथंच राहिलं. त्या आक्कासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या उभ्या आयुष्यात त्या बाईला शब्द शोधताना तेवढं एकदाच पाहिलं. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुझ्यात खोट न्हवती गं. आडात व्हती."

आणि माझी आक्का, जी माहेरी-सासरी कधी वरच्या आवाजात बोलली नाही, ती अशी कडाडली की परसातल्या कोंबड्या उडाल्या. "आता? आता सांगता? वरीसभर मला कोणी बारशाला बोलावलं न्हाई! कोणाच्या पाळण्याला हात लावू दिला न्हाई! तुमी बी म्हणलात आत्याबाई, हिच्या पोटात काळं हाय. अन् म्या मानलं! म्या बी तेच मानलं! मला वाटलं म्याच खाल्लं माझ्या लेकीला! रोज वाटलं! रोज!"

एवढी फाटक्या तोंडाची बाई, पण मावशींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ओट्यावर दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे वळून मावशी एवढंच म्हणाल्या, "ऐका. तुमी बी ऐका."

या आरडाओरड्याने लेकरू दचकलं आणि त्याने भोकाड पसरलं. आम्ही तिघंही सवयीने एकदम त्याच्याकडे धावलो. रडलं की ते निळं पडायचं ना! आक्काने त्याला उचललं, मावशींनी हात पुढे केला, आणि दोघी तिथंच थबकल्या.

पोरगं लाल झालं होतं. कान लाल, गाल लाल, कपाळ लाल. तोंड वासून, मुठी आवळून, जीव खाऊन रडत होतं आणि जितकं रडत होतं तितकं जास्त लाल होत होतं.

"आगं, लाल झालंय की गं," मावशी म्हणाल्या.

आक्काच्या ओठांवर अजून अर्धं वाक्य होतं, ते तिने गिळलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मावशी तिच्या खांद्यावरून बघत राहिल्या, शेजारणी पायऱ्या चढून आत आल्या. ते रडतच होतं, आणि त्याला उगी करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.